मानवी चालीचा हाडांचा संच: ठाण्यातील रविवारच्या वर्गातला अनुभव

शाळेत एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर गेली चार वर्षे मी पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी सातवी ते नववीच्या मुलांसाठी विज्ञानाचा वर्ग घेते. यंदाच्या जूनमध्ये त्या वर्गासाठी मी हाडांच्या प्रतिकृतींचा एक संच मागवला. माणसाचे पूर्वज दोन पायांवर ताठ कसे चालू लागले, एवढाच त्याचा विषय आहे आणि घरपोच किंमत ६,८५० रुपये आहे. अशा वस्तूंविषयी मराठीत फारसे सविस्तर लिहिलेले सापडत नाही, आणि विक्रेत्याच्या पानावरचे अभिप्राय ‘छान आहे, मुलांना आवडले’ याच्या पुढे जात नाहीत, म्हणून दोन महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव येथे नोंदवत आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण याच साच्यांतून काढलेल्या वस्तू निदान तीन निरनिराळ्या वेष्टनांत विकल्या जाताना मी पाहिल्या आहेत आणि सगळा दोष एकाच्याच माथी मारणे बरे नव्हे.

खोक्यातून काय निघते ते आधी सांगते. चिंपँझी, दक्षिण आफ्रिकेतील स्टर्कफाँटेन येथे १९४७ साली सापडलेला ऑस्ट्रॅलोपिथेकस (माणसाच्या फार जुन्या, लहान मेंदूच्या नातलगांपैकी एक) आणि आजचा माणूस अशा तीन कवट्या. चिंपँझी, ‘ल्युसी’ (ऑस्ट्रॅलोपिथेकसच्याच कुळातल्या एका मादीचा प्रसिद्ध सांगाडा) आणि माणूस यांची कमरेची हाडे, म्हणजे पाठ्यपुस्तक ज्याला श्रोणी म्हणते आणि डॉक्टर पेल्विस म्हणतात ती. चिंपँझी व माणूस यांची मांडीची अखंड हाडे आणि त्यांच्या जोडीला इथिओपियातील हदार येथे सापडलेला एक गुडघा. चिंपँझी व माणूस यांच्या पावलांचे सांगाडे. टांझानियातील लेटोली येथल्या एका पाऊलठशाची लादी. आणि याखेरीज अठ्ठेचाळीस पानांची मराठी पुस्तिका व भिंतीवर लावायचा एक रंगीत तक्ता. सर्व प्रतिकृती रेझिनच्या आहेत. वजन चांगले आहे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत, मात्र चिंपँझीच्या कवटीचा तपकिरी रंग घामट हातांना लागतो, आणि ठाण्यात जून महिन्यात हात घामट नसलेले मूल शोधून सापडणार नाही.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘हाडे – नाजूक’ एवढेच छापलेले असल्यामुळे आमच्या फाटकावरच्या रखवालदाराने ते वर सोडले नाही आणि इंटरकॉमवर ‘मॅडम, खाली या, तुमची हाडं आलीत’ असे सांगून मला खाली बोलावून घेतले. सोसायटीत पुढचे आठ दिवस या वाक्याला मरण नव्हते. खोके उघडले तेव्हा चिंपँझीच्या डाव्या पावलाचा अंगठा मुळापासून तुटलेला होता, कारण बाकी प्रत्येक वस्तूला स्वतंत्र खोबण असताना ही दोन पावले मात्र नुसत्या कागदाच्या चोळ्यात ठेवलेली होती. त्याची हकिगत शेवटी सांगते.

संचाचे निम्मे पैसे एकट्या गुडघ्याने वसूल केले. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात. त्या दोन उंचवट्यांवर हाड टेबलावर उभे धरले की चिंपँझीचे हाड खांबासारखे सरळ वर जाते आणि माणसाचे हाड बाहेरच्या बाजूला कलते. हे वाचून जेवढे कळते त्याच्या कितीतरी पट हाताने करून कळते. मुलांनी कंपासपेटीतला कोनमापक टेबलाच्या कडेला लावून मोजले, तेव्हा माणसाच्या हाडाचा कल ९ अंश आला आणि चिंपँझीचा जेमतेम १. या नऊ अंशांमुळे आपले खुबे एकमेकांपासून लांब असूनही गुडघे शरीराच्या मध्याखाली येतात, आणि चालताना एक पाऊल उचलले तरी अंगाचा भार टेकलेल्या पावलाच्या जवळच राहतो. चिंपँझीचे पाय सरळ खाली जात असल्यामुळे दोन पायांवर चालताना त्याला प्रत्येक पावलाला सगळे धड या बाजूवरून त्या बाजूवर टाकावे लागते. वर्गातल्या एका मुलाने ती चाल इतकी हुबेहूब करून दाखवली की त्याला पुढचे दोन रविवार तेच काम होते.

मग हदारचा गुडघा हातात घ्यायचा. अमेरिकी पुरामानवशास्त्रज्ञ डोनाल्ड जोहान्सन यांना तो १९७३ साली, म्हणजे ल्युसीच्या एक वर्ष आधी सापडला आणि त्याचे वय सुमारे ३४ लाख वर्षे आहे. यात मांडीच्या हाडाचा अगदी खालचा भाग आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग एवढेच आहे, वरचा दांडा थोडासाच उरला आहे. परंतु तेवढा उरलेला भाग कुठल्या दिशेने निघाला आहे ते स्पष्ट दिसते. आठवीतल्या एका मुलीने तो टेबलावर टेकवून पाहिला आणि म्हणाली, ‘बाई, हे तर आपल्याहून जास्त तिरकं आहे.’ तिचे निरीक्षण अचूक होते. या एका वाक्यासाठी मला एरवी फळ्यावर पाऊण तास आकृत्या काढाव्या लागल्या असत्या.

पुस्तिकेने येथे एक फार सुंदर गोष्ट सोडून दिली आहे. हा कल घेऊन कोणी जन्माला येत नाही. तान्ह्या मुलाचे मांडीचे हाड जवळजवळ सरळ असते, मूल उभे राहू लागते, चालू लागते, आणि त्या भाराखाली वाढताना हाड तिरके होत जाते. ज्यांना लहानपणी चालताच आले नाही त्यांच्यात तो कल तयार होत नाही. म्हणजे चौतीस लाख वर्षांपूर्वीच्या त्या गुडघ्याचा मालक नुसता चालण्याजोगा नव्हता, तो लहानपणापासून प्रत्यक्ष चालत होता, हे ते हाड सांगते. त्या रविवारी दोन मुलांनी घरी जाऊन आपापल्या तान्ह्या भावंडांचे गुडघे तपासल्याचे मला नंतर पालकांकडून कळले. प्रतिकृतीतला आणखी एक बारकावा दाद देण्याजोगा आहे: मांडीचे हाड तिरके असल्यामुळे गुडघ्याची वाटी बाहेर सरकू पाहते, म्हणून माणसाच्या हाडात वाटीच्या खोबणीची बाहेरची कड उंच असते, आणि येथे ती बोटाला लागेल इतकी नीट उतरली आहे. माझी स्वतःची उजवी वाटी गेली सहा वर्षे कुरकुर करते आहे, त्यामुळे त्या कडेवरून मी जरा जास्तच वेळ बोट फिरवले असेन.

कमरेच्या हाडांत काम चांगले आहे, पण त्यात एक गंभीर उणीव आहे. चिंपँझीचे हाड लांबट, चपटे, फावड्याच्या पात्यासारखे असून त्याची पाती पाठीकडे तोंड करून असतात. माणसाचे आखूड, रुंद आणि वाडग्यासारखे वळलेले असते. ल्युसीचे हाड शेजारी ठेवले की पाहणाऱ्याला क्षणभरही शंका राहत नाही, कारण ते आपल्याच घराण्यातले वाटते, किंबहुना त्याची पाती बाजूंना आपल्याहूनही अधिक पसरलेली आहेत. ही पाती बाजूला वळल्याने कुल्ल्याचे वरचे स्नायू पाठीमागून कडेला आले आणि त्यांचे कामच बदलले. हाताचा पंजा पँटच्या बाजूच्या खिशावर, खुब्याच्या जरा वर ठेवून एका पायावर उभे राहावे. टेकलेल्या पायाच्या बाजूचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो. तो घट्ट झाला नाही तर उचललेल्या पायाची बाजू खाली झुकते आणि माणूस कलंडतो. चौदा मुले खिशावर हात ठेवून एका पायावर उभी आहेत, हे दृश्य पाहून शेजारच्या योगवर्गातल्या आजींनी आपला वर्ग इकडे हलला की काय, अशी चौकशी केली.

उणीव अशी की ल्युसीचे हे हाड मूळ स्वरूपात असे अखंड सापडलेलेच नाही. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये हदारला मिळालेल्या तिच्या सुमारे चाळीस टक्के सांगाड्यात कमरेचे डावे हाड आणि कण्याच्या तळाचे मधले हाड, म्हणजे त्रिकास्थी, होते, तेही दबून मोडलेल्या अवस्थेत. उजवी बाजू ही डाव्या बाजूचे आरशातले रूप आहे आणि डावीही तुकडे सोडवून पुन्हा जुळवलेली आहे. ही जुळणी जाणकारांनी केलेली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की चांगल्या प्रतिकृतीत सापडलेला भाग आणि घडवलेला भाग निराळ्या रंगांत असतो, जसा जुन्या देवळाच्या डागडुजीत नवा दगड ओळखू यावा अशी अपेक्षा असते. या संचात सगळे एकाच पिवळसर रंगात रंगवून टाकले आहे. त्यातच चिंपँझी आणि माणूस यांची हाडे मापात लहान केलेली आहेत आणि ल्युसीचे मात्र मूळ आकाराचे आहे, असे माझ्या मोजमापावरून दिसते, त्याचा उल्लेख कुठेच नाही. ल्युसीची उंची जेमतेम साडेतीन फूट होती. मुलांना मात्र ती शेजारच्या माणसाएवढी वाटली, आणि यात मुलांची चूक नव्हती.

कवट्यांविषयी थोडक्यात सांगते. कवटी उलटी केली की पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जिथून आत शिरतो ते मोठे छिद्र दिसते. चिंपँझीत ते मागच्या बाजूला असते, माणसात जवळजवळ मध्याखाली, आणि स्टर्कफाँटेनच्या कवटीत ते स्पष्टपणे पुढे सरकलेले आहे. मुलांनी छिद्राच्या कडेला काठी टेकवून प्रत्येक कवटी तोलून पाहिली. माणसाची कवटीसुद्धा पूर्ण तोलात राहत नाही, किंचित पुढे झुकते, आणि त्याचा पुरावा हवा असेल तर सकाळच्या फास्ट लोकलमध्ये बसल्या बसल्या झोपलेल्या कोणाही माणसाची हनुवटी पाहावी. कवट्या आतून पोकळ आहेत, म्हणून मी किलोभर मोहरी आणून त्या भरून मोजायला लावल्या. प्रतिकृतीतली पोकळी नेमकी नसते, तेव्हा आकड्यांवर विसंबू नये, परंतु चिंपँझीच्या आणि स्टर्कफाँटेनच्या कवटीत जवळपास सारखीच मोहरी मावली आणि माणसाच्या कवटीने पिशवी रिकामी केली.

हा मोहरीचा प्रयोग मी मुद्दाम केला, कारण पुस्तिकेच्या पान ९ वर ‘बुद्धीची वाढ झाल्यावर मानवाने आपले हात मोकळे केले व तो उभा राहिला’ असे छापलेले आहे. हे सरळसरळ उलटे आहे, आणि संचातल्याच दोन वस्तू ते खोडून काढतात. गुडघा चौतीस लाख वर्षांपूर्वी आजच्यासारखा आहे आणि मेंदू मात्र त्यानंतरही कितीतरी काळ वानराएवढाच आहे. हीच चूक एके काळी मोठमोठ्या विद्वानांनी केली होती. १९१२ साली इंग्लंडमधील पिल्टडाउन येथे मोठा मेंदू आणि वानराचा जबडा असलेला ‘पूर्वज’ सापडल्याचे जाहीर झाले, आणि मेंदू आधी वाढला असणार अशी धारणा असलेल्यांना तो हवाच होता. त्यामुळे १९२५ साली शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथल्या बालकाच्या कवटीत मेंदू लहान असूनही छिद्र पुढे आहे असे दाखवले, तेव्हा बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही. वानराच्या पिल्लांतही छिद्र थोडे पुढे असते, हा आक्षेप अगदीच गैरवाजवी नव्हता, म्हणूनच स्टर्कफाँटेनच्या प्रौढ कवटीला महत्त्व आले. पिल्टडाउनची कवटी बनावट असल्याचे १९५३ साली सिद्ध झाले. एवढी रंजक हकिगत हाताशी असताना पुस्तिका तिला स्पर्शही करत नाही, आणि वर जुनीच चूक नव्याने छापते, याला काय म्हणावे?

लेटोलीच्या लादीचे मी मनापासून कौतुक करते. १९७६ साली लेटोलीत उत्खनन करणाऱ्या पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या पथकाकडे आलेली काही मंडळी हत्तीची वाळलेली शेणे एकमेकांवर फेकण्याचा खेळ खेळत असताना त्यांतल्या एकाला जमिनीवर प्राण्यांचे पुरातन ठसे दिसले, आणि १९७८ साली त्याच परिसरात सुमारे २७ मीटर लांबीची दोन पायांच्या पावलांची माग मिळाली. ज्वालामुखीची राख पावसाने ओली झालेली असताना कोणीतरी त्यावरून चालत गेले होते. त्याला ३६ लाख ६० हजार वर्षे झाली. लादीवर ठशाची खोली नीट उतरली आहे, टाचेचा खळगा अंगठ्याने चाचपता येतो आणि पायाचा अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत असल्याचे दिसते. आमच्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे दोन घमेली बारीक रेती मिळवायला फारसे श्रम पडले नाहीत. ती ओली करून एका ट्रेमध्ये पसरली आणि मुलांना आधी नेहमीसारखे व मग गुडघे आणि कंबर वाकवून, वानरासारखे, चालायला लावले. ताठ चालताना टाच आणि बोटे रेतीत साधारण सारखीच रुतली. वाकून चालताना बोटांकडची बाजू जास्त खोल गेली. संशोधकांनी हाच प्रयोग करून २०१० साली लेटोलीचे ठसे ताठ चालीशी जुळतात असे दाखवले होते. लादीवर मुलांनी टाच व बोटांची खोली आगपेटीच्या काडीने मोजली आणि निष्कर्ष मी सांगण्याच्या आधीच काढला. सभागृहाच्या कोटा फरशीवर त्या दिवशी रेतीच्या पावलांची जी माग उमटली, ती पुसायला मात्र मलाच थांबावे लागले.

पुस्तिकेत या लादीखाली ‘ल्युसीचे पाऊल’ असे लिहिले आहे. लेटोली आणि हदार यांमध्ये दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे आणि काळात चार लाखांहून अधिक वर्षांचे. ठसे ल्युसीच्याच जातीच्या कोणाचे असावेत असे मानले जाते, पण जात एक असणे आणि व्यक्ती एक असणे यांतला फरक सातवीच्या मुलालाही समजतो. याहून मोठी चूक वर्षांच्या आकड्यांत आहे. मूळ इंग्रजी मजकुरातील मिलियन कुणीतरी डोळे मिटून मराठीत आणले असावेत, कारण ल्युसीचे वय पान १४ वर ३२ लाख वर्षे आणि पान ३१ वर ३.२ कोटी वर्षे आहे. दहापटीचा हा फरक मुलांनी शोधून काढला हे ठीक, परंतु शिक्षक नसलेल्या घरात ही पुस्तिका एकटी वाचली जाणार आहे, याचा विचार छापणाऱ्याने करायला हवा होता.

तक्त्याविषयी काय सांगावे? वाकलेल्या वानरापासून भाला घेतलेल्या ताठ माणसापर्यंत सहा जण एका रांगेत चालले आहेत, असे ते सर्वांच्या परिचयाचे चित्र आहे, आणि रांगेत दुसऱ्या स्थानावर चक्क रामापिथेकस दोन पायांवर उभा आहे. मी शिकवायला लागले तेव्हा आम्हीही रामापिथेकसला माणसाचा पूर्वज म्हणूनच शिकवत होतो, आणि हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिक टेकड्यांत सापडलेला, रामाचे नाव दिलेला पूर्वज म्हटल्यावर मुलेही खूश असत. परंतु त्याचे जबडे आणि दात एवढेच हाताशी होते. पायाचे, कमरेचे, गुडघ्याचे एकही हाड नसताना त्याला उभा करून चालवले गेले. पुढे १९८० च्या दशकात अधिक पूर्ण चेहरा हाती आल्यावर तो शिवापिथेकस या प्राचीन वानरात विलीन झाला आणि नाते ओरांगउटानशी जुळले. चाळीस वर्षांपूर्वी रांगेतून बाहेर पडलेला गृहस्थ २०२० नंतर छापलेल्या तक्त्यात अजून चालतो आहे. एका पालकांनी विचारले की भारतातले काहीच संचात का नाही. नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी फार महत्त्वाची आहे, पण ती ताठ चाल स्थिरावल्यानंतरच्या खूप अलीकडच्या काळातली आहे, तेव्हा ती येथे नाही हे योग्यच झाले.

रांगेच्या चित्राचे खरे नुकसान निराळे आहे. त्यात पाठ, कंबर, गुडघा, पाऊल असे सगळे एकाच वेळी थोडेथोडे सरळ होत जाते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. इथिओपियातीलच आर्डिपिथेकस रॅमिडस, थोडक्यात ‘आर्डी’, हा माणसाचा ल्युसीहूनही जुना नातलग ४४ लाख वर्षांपूर्वीचा. त्याचा सविस्तर अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या कमरेच्या वरच्या भागात दोन पायांवर चालण्याची चिन्हे आहेत आणि पायाचा अंगठा मात्र हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फुटलेला, फांदी पकडण्याजोगा आहे. म्हणजे कंबर एका काळात वावरते आहे आणि पाऊल दुसऱ्या. संचात आर्डीचे एकही हाड नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. चिंपँझीच्या पावलानंतर थेट माणसाचे पाऊल हाती येते, त्यामुळे मधल्या काळातले हे विचित्र मिश्रण मुलांना तोंडीच सांगावे लागते.

माणूस ताठ का झाला, या प्रश्नाला पुस्तिकेने पान २२ वर चार ओळींत उत्तर दिले आहे: जंगले आटली, गवताळ माळ पसरले, आणि उंच गवतावरून पाहण्यासाठी पूर्वज उभे राहिले. आर्डी ज्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या अवशेषांसोबत सापडला ते झाडीचे द्योतक आहेत, हे एक. दुसरे असे की गवतावरून पाहण्यासाठी उभे राहावे लागते, चालावे लागत नाही. पाहून झाले की पुन्हा चार पायांवर येता येते. येऊरच्या फाटकापाशी माकडांना मी अनेकदा दोन पायांवर पाच-सहा पावले चालताना पाहिले आहे, आणि बहुतेक वेळा त्यांच्या दोन्ही हातांत कुणाकडून तरी पळवलेले खाणे असते. हात मोकळे राहून काही वाहून नेता येणे, उभ्या अंगावर दुपारचे ऊन कमी पडणे, फांदीवर उभे राहून वरच्या फांदीचे फळ तोडणे, असे अनेक विचार अभ्यासकांनी मांडले आहेत. माझ्या मते मुलांसमोर ठेवायला सर्वांत भक्कम आकडा चालण्याच्या खर्चाचा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच चिंपँझींना ट्रेडमिलवर चालवून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला गेला, तेव्हा माणसाला चालायला त्यांच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के कमी ऊर्जा लागते असे आढळले. आजच्या माणसाचा हिशेब पहिल्या चालणाऱ्याला लावता येत नाही, हे खरे. तरीही एकाच टोळीत ज्याचा गुडघा किंचित जास्त तिरका त्याला दिवसाच्या शेवटी किंचित कमी भूक लागते, असे सांगितले की नैसर्गिक निवड कशी काम करते ते मुलांच्या लगेच ध्यानात येते.

पाठीचा कणा संचात अजिबात नाही. त्याचे मला आश्चर्य वाटले, कारण ताठपणाचा रोजचा अनुभव आपल्याला कण्यातच येतो. आपल्या कमरेत साधारण पाच मणके असतात, चिंपँझीच्या तीन किंवा चार, आणि त्याच्या कण्याला आपल्यासारखा कमरेतला पुढचा बाक नसतो. हा बाक स्त्रियांत तीन मणक्यांवर पसरलेला असतो आणि पुरुषांत दोन मणक्यांवर, ज्यामुळे गरोदरपणात पुढे गेलेला भार पुन्हा पावलांवर आणता येतो. हेही २००७ सालच्याच एका अभ्यासात दाखवले गेले. मी वॉशिंग मशिनची जुनी लवचिक नळी वाकवून वेळ मारून नेली. ६,८५० रुपये घेणाऱ्याने कमरेचे पाच मणके तरी द्यायला हवे होते.

सेवेविषयी एवढेच की तुटलेल्या अंगठ्याची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर नवी मुंबईतील गोदामातून त्याच संध्याकाळी नम्र उत्तर आले, आणि नंतर एकोणीस दिवस काहीच आले नाही. तीन वेळा फोन करावा लागला, प्रत्येक वेळी निराळी व्यक्ती बोलली आणि प्रत्येकीने छायाचित्रे पुन्हा मागितली. पैसे परत देण्याची तयारी त्यांनी दाखवली होती, हे न्यायाने सांगायला हवे. मीच गुडघा परत करायला तयार नव्हते.

घ्यावा का, असे कोणी विचारले तर शिकवणारा माणूस सोबत असेल तर अवश्य घ्यावा, असे मी म्हणेन. गुडघा, लादी आणि कवट्या यांना पाचपैकी पाच, कमरेच्या हाडांना तीन, पुस्तिकेला एक, आणि तो एकही फक्त छपाई स्वच्छ आहे म्हणून. तक्ता मी उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांकडून कालरेषा काढून घेतली आहे. निव्वळ वाढदिवसाची भेट म्हणून, पुस्तिका वाचून मूल आपले आपण शिकेल या भरवशावर, मात्र घेऊ नये.

बदली अंगठा अखेर एका छोट्या खोक्यातून आला. नववीतल्या मुलाने तो डाव्या पावलाला लावून पाहिला, फिरवून पाहिला, क्षणभर उजव्या पावलाशेजारी धरला आणि म्हणाला, ‘बाई, हा उजव्या पायाचा पाठवलाय.’ त्याने ते कशावरून ओळखले असे मी विचारले, तर सांध्याचा बाक आणि अंगठा कुठल्या बाजूला फुटतो हे त्याने दोन्ही पावले शेजारी मांडून मला दाखवले. छायाचित्रे चौथ्यांदा पाठवली आहेत.